रानडे, महादेव गोविंद
रानडे, महादेव गोविंद : (१८ जानेवारी १८४२–१६ जानेवारी १९०१). मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक व राजकीय चळवळींचे एक प्रमुख सूत्रधार. ‘न्यायमूर्ती’ हे पद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. प्रत्यक्षात उच्च न्यायालयातील त्यांची कारकीर्द जेमतेम सात वर्षांची होती. तत्पूर्वीची सु. बावीस वर्षे त्यांनी दुय्यम न्यायखात्यात, बहुतांशी पुणे शहरात राहून, काढली. त्यांचे सार्वजनिक कार्य, आर्थिक विचार आणि इतिहासलेखन यांची जडणघडण याच काळात झाली. न्यायाधीश रानडे आणि सुधारक रानडे अशी जी फारकत चरित्रग्रंथांत बहुधा केलेली आढळते, ती त्यामुळे पटण्यासारखी नाही.

त्यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव तेथे मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेल्यामुळे महादेवरावांचे बालपण व प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरास झाले. पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये घेतलेल्या पहिल्याच प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम्.ए. आणि १८६६ मध्ये एल्एल्.बी. या परीक्षा त्यांनी दिल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे त्यांचे सहाध्यायी. या काळातील अतिवाचनाने त्यांचे डोळे अधू झाले आणि उत्तरायुष्यात वाचनासाठी त्यांना बव्हंशी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागले. इंदुप्रकाश या पत्राच्या इंग्रजी भागाचे संपादनही त्यांनी काही काळ केले.

कायद्याची पदवी घेतल्यानंतरची पाच वर्षे स्थिरतेची नव्हती. शिक्षण खात्यात भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश व नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक अशी कामे त्यांनी एकामागून एक केली. १८७१ मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. वकिलीत पैसा व स्वातंत्र्य दोन्ही मिळण्याजोगी होती. तरी त्यांनी सरकारी न्यायखात्याची नोकरी पतकरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून ते रुजू झाले. लोक या पदास ‘सबजज्ज’ म्हणत. जिल्हा न्यायाधीशाची जागा त्या काळी जवळजवळ पूर्णपणे सनदी नोकरांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, ताब्यात असल्याने मोठ्या रकमांचे मूळ दिवाणी दावे चालविणारे हे पद एतद्देशीयाला सामान्यतः मिळू शकणाऱ्या न्यायाधिकाराची वरची पायरी होती.

पुण्यात त्या वेळी नुकतीच गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली होती (२ एप्रिल १८७०). रानडे सरकारी नोकर असल्याने सभेचे पुढारीपण उघडपणे घेऊ शकत नव्हते. परंतु सभेचे अर्ज, चौकशीचे अहवाल आणि १८७८ पासून निघू लागलेले इंग्रजी त्रैमासिक यांमागे त्यांचाच हात होता. काका चालते-बोलते व्यक्तिमत्त्व, तर रानडे पडद्यामागील लेखणी, अशी ही जोडी होती. जमीनमहसुलाची आकारणी, १८७६-७७ चा दुष्काळ, सभेने चालविलेले लवाद कोर्ट या सर्वांत रानड्यांचा सल्ला असे. प्रार्थना समाज, वसंत व्याख्यानमाला, विधवाविवाहाची चळवळ आणि पुढे १८८४ मध्ये निघालेली मुलींची शाळा (हुजूरपागा) यांच्याशीही त्यांचा निकट संबंध होता.

या पहिल्या पुणे-पर्वातच त्यांच्या चारित्र्यावर सर्वाधिक टीका ओढवणारी घटना घडली. १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाच्या पक्षाचा अध्वर्यू आता विधवेशीच विवाह करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. तथापि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून रानड्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. त्यांच्या या कृतीचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनाही नीट करता आले नाही. हीच वधू पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्धीस आली. पतीने तिला शिकविले व सार्वजनिक कार्यात आणले, हे खरे असले, तरी त्याने मूळ प्रश्न मिटत नाही.

सरकारच्या दृष्टीने मात्र वादाचा विषय वेगळाच होता. जानेवारी १८७८ मध्ये रानड्यांची नासिकला बदली झाली. तिच्यामागे त्यांचे सार्वजनिक सभेतील कार्य असावे, असा समकालीनांचा समज होता. पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे परिसर हादरला. मे १८७९ मध्ये शहरातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या आणि पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांकडे अधिकारी संशयाने पाहू लागले. त्याच महिन्यात रानड्यांना घाईने धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची टपाल फोडली जात असे; बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली बनावट वाटणारी पत्रेही त्यांना येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाईंनी आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी (१९१०) या पुस्तकात हे दिवस वर्णिले आहेत. त्यात पतीच्या शांतपणाचे आश्चर्य अधिक आणि सरकारवरील राग कमी दिसतो. संशय फिटल्यावर १८८१ मध्ये काही महिने मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम करून ते पुण्यास परतले. ज्या माणसाच्या पत्रांवर दोन वर्षांपूर्वी पाळत ठेवली होती, त्यालाच आता सरकारने चार जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसंबंधीच्या एका नव्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यास नेमले.

हा कायदा म्हणजे १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा (डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्‌स रिलीफ ॲक्ट). १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले करून कर्जरोखे जाळले आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव पुढे कोसळले होते, तर सारा मात्र नव्या मोजणीत वाढला होता. परंतु दंगलीचा रोख सरकारी कचेऱ्यांवर नसून कागदांवर होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. कुळाच्या हितासाठी केलेली ही तरतूद त्याच्याच मुळावर आली : दर तीन वर्षांनी मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून सावकार नवे खत लिहून घेई आणि कुळ अंगठा उठवी. दावा दाखल झाला की बहुधा कुळ न्यायालयात येतच नसे. एकतर्फी हुकूमनामा होई व जप्ती येई. न्यायालयापुढे फक्त कागद असे, त्यामागील व्यवहार नव्हे.

नव्या कायद्याने नेमके हेच बदलले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यावरील दाव्यात न्यायाधीशाने प्रतिवादीला समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी, खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे काढून नव्याने हिशेब मांडावा आणि ठरेल ती रक्कम हप्त्याने फेडू द्यावी, असे ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन जप्तीतून मुक्त झाली. दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणारे पंच, क्षुल्लक रकमांसाठी गावमुन्सफ आणि दस्तऐवज गावपातळीवर नोंदणारे निबंधक नेमण्यात आले. लहान दाव्यांत अपील ठेवलेले नव्हते. त्याऐवजी या सर्व न्यायालयांची प्रत्यक्ष तपासणी करून चुकीचे निकाल सुधारण्याचा अधिकार एका विशेष न्यायाधीशाला दिला. डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून रानडे १८८१ मध्ये या कामावर आले. मध्यंतरी १८८४ पासून ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश होते; नंतर विशेष न्यायाधीश म्हणून १८९३ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

विशेष न्यायाधीशाचे काम खुर्चीत बसून होण्यासारखे नव्हते. वर्षातील बराच काळ तालुक्याच्या गावांतून फिरतीवर जाई. प्रत्येक ठिकाणी दुय्यम न्यायालयाची दप्तरे उघडून कोणत्या दाव्यात कुळाला बोलावले, कोणत्यात हिशेब मागे नेला, हप्ते कसे ठरविले, याची छाननी करावयाची. पंचांच्या व गावमुन्सफांच्या नोंदी पाहावयाच्या आणि हे सर्व वार्षिक अहवालात मांडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. या फिरतीत रमाबाई बहुधा बरोबर असत. मुक्काम पडेल तेथे शाळा, वाचनालय किंवा सभा यांसाठी ते वेळ काढीत. महाराष्ट्राच्या खेड्यांतील पतव्यवहाराची इतकी तपशीलवार माहिती त्यांच्या पिढीतील दुसऱ्या कोणा विचारवंताला क्वचितच असेल. त्यांचे आर्थिक निबंध पुस्तकी वाटत नाहीत, याचे कारण या दप्तरांत शोधावे लागते.

कायद्याच्या मर्यादाही त्यांनी इतरांच्या आधी ओळखल्या. जप्ती व अटक यांचे भय गेल्याने सावकाराने हात आखडता घेतला. गहाणखताऐवजी उघड खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती निघाली. न्यायालय अन्यायाचे व्याज कापू शकत होते, पण पेरणीसाठी पैसा देऊ शकत नव्हते. म्हणून कुळाचे संरक्षण व पतपुरवठा या दोन गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत, असे रानड्यांचे मत बनले. न्यायखात्यातील त्यांचे स्नेही विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली, तिला रानड्यांचा पाठिंबा होता. मुंबई सरकार व हिंदुस्थान सरकार यांची संमती मिळूनही ती लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे अडली. रानड्यांनी जर्मनीतील व इतर यूरोपीय देशांतील जमीनविषयक कायदे व पतसंस्था अभ्यासून हाच विषय पुढे लेखांतून मांडला. मात्र सर्व जमीन छोट्या कुळांच्याच हाती राहावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. भांडवल असलेला सधन भूधारक वर्ग लहान शेतकऱ्यांच्या बरोबरीने हवा, असे ते मानीत. सुप्याच्या दंगलखोरांना हा विचार कितपत रुचला असता, याची शंका आहे. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी दिलेले भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यान आणि एसेज ऑन इंडियन इकॉनॉमिक्स (१८९८) हा ग्रंथ यांतील, इंग्लंडच्या परिस्थितीतून काढलेले आर्थिक सिद्धांत जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू पडत नाहीत, हे प्रतिपादन सुप्रसिद्ध आहे. व्यवहार कागदावरून न जोखता त्याच्या इतिहासावरून जोखावा, ही विशेष न्यायाधीशाची रीतच येथे शास्त्राला लावलेली दिसते.

सरकारचा विश्वास याच काळात वाढला. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि पुढे १८९० व १८९३ मध्ये ती पुन्हा झाली. १८८६ च्या अर्थसमितीत ते सदस्य होते आणि १८८७ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. सरकारी पदाची बंधनेही तितकीच स्पष्ट होती. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) पहिले अधिवेशन भरले, तेव्हा रानडे हजर होते, पण प्रतिनिधी म्हणून नव्हे. १८८७ पासून काँग्रेसच्या मंडपात भरू लागलेली सामाजिक परिषद हे त्यांचे खरे व्यासपीठ ठरले. समाजसुधारणेवर बोलण्यास सरकारी नोकराला आडकाठी नव्हती.

पुण्यातील सनातनी मात्र त्याच व्यासपीठामुळे बिथरले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाला उपस्थित असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत लोकमान्य टिळकही होते. बहिष्काराने पोळलेल्या स्नेह्यांची सोडवणूक व्हावी म्हणून १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना हा कच खाणे वाटले, तर सनातन्यांना ढोंग. स्वतःच्या मतासाठी स्वतः झीज सोसण्याची तयारी असलेला हा मनुष्य इतरांना ती सोसावी लागते असे दिसताच मागे येई. १८७३ आणि १८९२ या दोन्ही प्रसंगांत हा स्वभावधर्म दिसतो.

१ सप्टेंबर १८९३ रोजी काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबरमध्ये रानड्यांची मुंबई उच्च न्यायालयात नेमणूक झाली. १८६१ च्या उच्च न्यायालय कायद्याप्रमाणे किमान एकतृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर व एकतृतीयांश सनदी नोकर असावे लागत. उरलेल्या जागांवर दहा वर्षे वकिली केलेल्यांची किंवा ठराविक दर्जाच्या न्यायाधिकारपदावर पाच वर्षे काढलेल्यांची नेमणूक होऊ शके. नानाभाई हरिदास व तेलंग हे या न्यायालयाचे आधीचे दोन हिंदी न्यायाधीश वकिलीतून आले होते. रानडे सबजज्जाच्या पायरीवरून चढत आले. मोफसल न्यायखात्यातील शेकडो मराठी व गुजराती मुन्सफांना या नेमणुकीचे जे अप्रूप वाटले, त्याचे कारण हे होते. पुणेकरांनी समारंभ करून त्यांना निरोप दिला.

न्यायासनावर त्यांची खरी कसोटी १८९७ मध्ये लागली. पुण्यातील प्लेगचा बंदोबस्त व रँडचा खून यांनंतर सरकारने मराठी वृत्तपत्रांवर राजद्रोहाचे खटले भरले. तत्पूर्वी दोनच वर्षे, १८९५ मध्ये, टिळकपक्षाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतली होती आणि पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपातून सामाजिक परिषदेला बाहेर पडावे लागले होते. रानडे व त्यांचे अनुयायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही स्वतंत्र संस्था काढली होती. जुलै १८९७ मध्ये टिळकांचा जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात आला, तो न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांच्यापुढे. तो त्या वेळी नामंजूर झाला, मात्र पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवण्यात आली. ४ ऑगस्ट रोजी न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. या निर्णयावरून रानड्यांना पुण्यात बोल लावला गेला. तथापि तो दोन न्यायाधीशांचा एकत्रित निर्णय होता, हे विसरता येत नाही.

टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीपुढे कलम १२४ अ मधील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा सांगितला होता. याच सुमारास सातारा जिल्ह्यातील प्रतोद या पत्रावरील खटल्याचे अपील मुख्य न्यायाधीश फॅरन, पार्सन्स व रानडे यांच्या पूर्णपीठापुढे आले. दोषसिद्धी कायम राहिली. पण रानड्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहून अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा वा सदिच्छेचा अभाव नव्हे, तर राजनिष्ठेला छेद देणारी प्रत्यक्ष तिटकाऱ्याची भावना होय, असा अर्थ केला. स्ट्रेचींच्या व्याख्येत सरकारविषयी केवळ उदासीन असलेला लेखकही अडकू शकला असता. रानड्यांच्या व्याख्येत तो सुटतो. पण उघड विरोधाबरोबर लोकांची मने गुप्तपणे फिरविणे हेही त्यांनी तीत बसविले होते, त्यामुळे प्रत्यक्षात तिचा आधार आरोपीला मिळाला नाही. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) याच कलमाची वैधता तपासताना रानड्यांच्या या अर्थाची नोंद घेतली आणि कलमाची व्याप्ती हिंसा वा सार्वजनिक अव्यवस्था यांस चिथावणी देण्यापुरती मर्यादित केली.

मुंबईच्या वास्तव्यात इतिहासलेखन हा त्यांचा मुख्य विरंगुळा होता. राइझ ऑफ द मराठा पॉवर (१९००) या ग्रंथात मराठी सत्तेचा उदय हा काही पुंडांचा उठाव नसून संतांच्या चळवळीने तयार केलेल्या समाजाचा राष्ट्रीय उद्योग होता, असे त्यांनी मांडले. पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील त्यांचा निबंधही त्याच वर्षीचा. पेशवाईतील दिवाणी व फौजदारी न्यायपद्धतीचा त्यात घेतलेला परामर्श न्यायाधीशाच्या अनुभवाने भरलेला आहे. तुलनेने तीत जातिभेदाच्या जाचाचे व सामाजिक संकोचाचे दोषही त्यांनी झाकलेले नाहीत. मुंबई विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे यासाठी त्यांनी अखेरपर्यंत खटपट केली आणि एम्.ए. परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला, तो त्यांच्या अखेरच्या दिवसांत.

प्रकृती ढासळल्याने डिसेंबर १९०० मधील लाहोरच्या सामाजिक परिषदेला त्यांना जाता आले नाही. त्यांचे भाषण गोखल्यांबरोबर पाठविण्यात आले. जानेवारीत त्यांनी रजा घेतली आणि १६ तारखेस मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. रमाबाई पुण्यास परतल्या व १९०९ मध्ये त्यांनी पुणे सेवासदन उभारले. १९१० मध्ये पुण्यातच रानडे औद्योगिक व आर्थिक संस्था सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानड्यांवर दिलेले व्याख्यान रानडे, गांधी अँड जीना या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात राजकीय हक्कांपेक्षा सामाजिक पुनर्रचनेला रानड्यांनी दिलेले प्राधान्य त्यांनी उचलून धरले आहे.